मुक्काम नातेपुते

समूह-सहलीला चार गोष्टी लागतात : छापील वेळापत्रक, उंच धरलेला झेंडा, मोठ्या आवाजाचा गाईड आणि कायम उशिरा येणारे एक जोडपे. पहिल्या तीन गोष्टी आयोजक पुरवतो, चौथी प्रत्येक गटात आपोआप उत्पन्न होते. सांस्कृतिक वारसा हा पाचवा घटक मानण्याची पद्धत आहे. मात्र त्याच्यावाचून सहल अडल्याचे ऐकिवात नाही. नाश्त्यावाचून अडते.

या प्रकाराचा आदर्श नमुना म्हणजे बल्गेरिया-रोमानियाची सहल. पॅरिस आणि स्वित्झर्लंड करून झालेल्या, आता शेजाऱ्यांनी न पाहिलेले काहीतरी पाहायला हवे अशा निकडीला आलेल्या मंडळींसाठी ती योग्य समजली जाते. हे दोन्ही देश 1 जानेवारी 2007 रोजी एकदमच युरोपीय संघात दाखल झाले आणि माहितीपत्रकांतही ते जोडीनेच येतात. सहल बहुधा सोफियाहून सुटते आणि पहिला मोठा थांबा रिला मठाचा असतो. हा मठ 10व्या शतकातला, असे गाईड बसमध्येच सांगून टाकतो. 1833 मध्ये तो आगीत जवळजवळ सगळा जळाला आणि आज दिसते ती पट्ट्यापट्ट्यांच्या कमानींची इमारत त्यानंतरची आहे, हे तो उतरण्याच्या गडबडीत सांगतो. 14व्या शतकातला एक बुरूज तेवढा खरोखर जुना. मराठी प्रवाशाला याचे वैषम्य वाटत नाही. हेमाडपंती खांबांना ऑइलपेंट आणि गाभाऱ्याला बाथरूमच्या फरशा पाहत तो लहानाचा मोठा झालेला असतो.

बल्गेरियात होकारासाठी मान आडवी हलवतात आणि नकारासाठी वर झटकतात. मराठी माणसाची मान या दोन्हींच्या अधेमधे कुठेतरी डोलते आणि तिचा अर्थ ‘बरं, बघू’ असा असतो. दोन प्राचीन संस्कृतींचा हा संगम हॉटेलातल्या टेबलावर घडतो आणि ‘सूपमध्ये मटण नाही ना?’ या प्रश्नाचे उत्तर सूप आल्यावर कळते. त्यापेक्षा शोप्स्का कोशिंबीर निर्धोक. टोमॅटो, काकडी, कांदा, मिरची आणि वर किसलेले पांढरे चीज, म्हणजे बल्गेरियाच्या झेंड्याचे तिन्ही रंग. गाईड तिला देशाची परंपरागत कोशिंबीर म्हणतो. ती लोकप्रिय केली बाल्कनटुरिस्ट या सरकारी पर्यटन संस्थेने, गेल्या शतकाच्या मध्यानंतर. वारशातून माहितीपत्रक निघते की माहितीपत्रकातून वारसा, या वादात काकडी दुसऱ्या पक्षाच्या बाजूने साक्ष देते.

रोमानियात हाच न्याय किल्ल्यांना लागू होतो. ब्रान किल्ला ड्रॅक्युलाचा म्हणून दाखवतात. ब्रॅम स्टोकरने ‘ड्रॅक्युला’ 1897 साली प्रसिद्ध केली. तो रोमानियात कधी गेला नव्हता आणि कादंबरीतला वाडा त्याने दुसऱ्याच घाटात बांधला. तरी न आलेल्या लेखकाच्या न राहिलेल्या भुताचे घर पाहायला रांग लागते. राजधानीतला संसद-प्रासाद जगातली सर्वांत वजनदार इमारत म्हणून नोंदलेला आहे. तो उभारायला घेणाऱ्या चाउशेस्कूला डिसेंबर 1989 मध्ये, इमारत पुरी होण्याआधीच, गोळ्या घालण्यात आल्या. ही इमारत बसमधूनही दिसते, त्यामुळे बसमधूनच पाहतात. खरोखर पाहण्यासारखी जागा म्हणजे उत्तरेकडच्या सपंत्सा गावातले स्मशान. तिथे 1935 पासून निळ्या लाकडी क्रुसांवर मेलेल्या माणसाचे चित्र आणि त्याच्याविषयी खट्याळ पद्य कोरतात : दारूचा नाद, सासूशी वैर, सगळे. महाराष्ट्रात असे काही होणे कठीण. इथे फ्लेक्सवर माणूस जिवंतपणीच कार्यसम्राट होतो, मेल्यावर कोण खरे बोलणार? सपंत्सा मात्र आडबाजूला, युक्रेनच्या सरहद्दीजवळ पडते, म्हणून पुष्कळ वेळापत्रकांतून गळते.

या दोन देशांच्या मधे डॅन्यूब नदी आहे आणि तिच्यावर 1954 साली खुला झालेला लांबलचक पूल. पुलाच्या बल्गेरियन टोकाला रुसे नावाचे शहर लागते. माहितीपत्रकात त्याच्या वाट्याला अर्धी ओळ येते आणि तीही जेवणाविषयी असते. 1981 चे साहित्याचे नोबेल मिळवणारा एलियास कानेट्टी याच गावात 1905 साली जन्मला. माणसांची गर्दी कशी जमते, कशी वागते आणि कशी पांगते यावर त्याने 1960 मध्ये एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या गावात उतरणारी चाळीस माणसांची गर्दी प्रसाधनगृहाकडे जमते, तिथे वागते आणि बसमध्ये पांगते. प्रत्येक सहलीला असे एक गाव लागते. वेळापत्रकात त्याचे नाव असते, पण पाहायचे म्हणून कोणी तिथे आलेले नसते.

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातले नातेपुते हे या जातीच्या गावांचे मुकुटमणी आहे. दर आषाढात तिथे लाखो माणसे येतात, एक रात्र राहतात आणि सकाळी निघून जातात. त्यांतले एकही नातेपुते पाहायला आलेले नसते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण करत बरडला येते, धर्मपुरीपाशी सातारा जिल्हा सोडून सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि त्या रात्री नातेपुत्याला मुक्काम करते. पुढे माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूर.

या सोहळ्याला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी 1832 च्या सुमारास लावली. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि सरंजाम दिला आणि तो मान अजून त्यांच्याकडेच आहे. आधुनिक पर्यटनाचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतात त्या थॉमस कुकने आपली पहिली सहल काढली ती 5 जुलै 1841 रोजी. सुमारे 500 माणसे, भाडे एक शिलिंग, आगगाडीने लेस्टर ते लफबरो. हे अंतर पालखीच्या एका दिवसाच्या चालीइतके भरते. सहलीचा हेतू दारूबंदीच्या सभेला जाण्याचा होता. माळकरी माणसांना पायी नेणाऱ्या हैबतबाबांना वेगळी सभा घ्यावी लागली नाही. अग्रक्रमाच्या बाबतीत महाराष्ट्राने नऊ वर्षांची आघाडी घेतलेली असूनही पर्यटनाच्या पाठ्यपुस्तकांत फोटो कुकचा छापतात, याला कारण बहुधा एवढेच की हैबतबाबांनी तिकीट छापले नाही.

बाकी सगळे होते आणि आहे. गट म्हणजे दिंडी. तिला क्रमांक असतो आणि ती रथाच्या पुढे की मागे यावर तिची प्रतिष्ठा ठरते. पुढे 27, मागे उरलेल्या सगळ्या. मोठ्या विमान कंपन्यांनी पुढच्या आणि मागच्या आसनांत जो भेद आणला तो इथे जुनाच आहे, फक्त पुढच्यांना पाय लांब करायला जास्त जागा मिळत नाही. जेवणाखाण्याच्या वर्गणीला भिशी म्हणतात. ती भरली की सकाळच्या चहापासून रात्रीच्या भाकरीपर्यंत चिंता नाही. सामान ट्रकमधून पुढे जाते आणि संध्याकाळी माणसाच्या आधी मुक्कामाला पोचलेले असते, हे युरोपला नेणाऱ्या विमानांना अजून नेहमी जमत नाही. निघायच्या वेळी तीनदा भोंगा वाजतो. पहिल्याला आवरायचे, दुसऱ्याला दिंडीत उभे राहायचे, तिसऱ्याला चालायचे. त्या उशिरा येणाऱ्या जोडप्यासाठी चौथ्या भोंग्याची सोय हैबतबाबांनी ठेवलेली नाही.

गाईड मात्र नाही. डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा असे कोणी सांगत नाही. ते सांगायला विणेकऱ्याला सवडही नसते. अभंग कुठला, कुठल्या टप्प्यावर, हे ठरलेले असते. वाटेत रिंगण लागते. नातेपुत्याहून माळशिरसला जाताना सदाशिवनगरला पहिले गोल रिंगण होते. दोन अश्व धावतात, एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कोणी दिसत नाही. तो माउलींचा. रिकाम्या घोड्यामागची माती कपाळाला लावायला जी झुंबड उडते तिच्यावर कानेट्टीने एक प्रकरण वाढवले असते. रुसेच्या प्रसाधनगृहातली धांदल त्यासाठी पुरेशी नव्हती.

सर्वांत पाहण्यासारखी गोष्ट संध्याकाळी पालखीतळावर घडते. दिंड्या तळावर गोल धरून उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार चांदीचा दंड वर उचलतो आणि टाळ थांबतात. अलीकडच्या टपरीवरची कपबशी ऐकू यावी इतके सगळे गप्प होते. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती मात्र टाळ वाजवत राहते. दिवसभरात पाण्याचा टँकर आला नाही, चालीत कोणी घुसले, राहुटीला जागा मिळाली नाही. चोपदार त्या आवाजाच्या रोखाने जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो, मग तेही टाळ थांबतात. त्यानंतर हरवले-सापडलेचा पुकारा : अमक्याची पिशवी, तमक्याचे पाकीट, एक म्हातारी, दिंडीचा नंबर आठवत नाही. उद्या किती वाजता निघायचे ते सांगतात आणि आरती होते. बल्गेरिया-रोमानियाच्या सहलीत तक्रारीसाठी शेवटच्या दिवशी एक छापील कागद देतात. त्यावर ‘उत्तम’, ‘चांगले’ आणि ‘बरे’ असे तीन चौकोन असतात. बसमध्ये टाळ न्यायला बंदी नाही, पण अजून कोणी नेलेले नाहीत.

यजमान गावाची बाजू कोणत्याही माहितीपत्रकात येत नाही. नातेपुत्याला त्या रात्री शाळा, देवळे, ओसऱ्या, गच्च्या, दुकानांच्या पायऱ्या आणि ट्रॉल्यांच्या खालची जागा, सगळे भरते. वर्षानुवर्षे तीच दिंडी त्याच घरी उतरते, त्यामुळे ओळखी पिढीजात असतात आणि चौकशा मुद्द्याच्या.

“माउली, आंघुळीला पाणी मिळंल का?”

“या की माउली. बोअरला पाणी हाय, पर लाइट नऊला जाती. आधी मोबाइल चार्जिंगला लावा, मग आंघूळ करा.”

पाहुणाही माउली, यजमानही माउली, बंदोबस्ताचा हवालदारही माउली. नावे लक्षात ठेवण्याचा टूर मॅनेजरला होणारा त्रास इथे मुळातच टाळलेला आहे. हरवलेल्या म्हातारीचा शोध घेताना मात्र या सोयीचा तोटा कळतो.

गावात पाहण्यासारखे काय आहे, असे स्टँडवर विचारले तर उत्तर ठरलेले असते : “हितं काय हाय बघायला? शिंगणापूरला जावा.” शिखर शिंगणापूर लगतच्या माण तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यात, पण त्याचा अवघड मुंगी घाट माळशिरसच्या बाजूने चढतो. शंभुमहादेव हे भोसले घराण्याचे कुलदैवत. चैत्रात तिथे देवाच्या लग्नाला कावडी येतात. पाण्याने भरलेल्या, उंच, जड कावडी माणसांच्या साखळीने घाटातून वर ओढतात आणि पाय निसटू लागला की देवाला ‘म्हाद्या, धाव!’ असा एकेरी हुकूम सुटतो. ज्याच्या लग्नाला गाव निघालेले आहे त्याला अहो-जाहो कोण करणार? वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन देऊळ आहे, तिथे मराठी शिलालेखही आहेत. पालखीचा पुढचाच एक मुक्काम वेळापूरला असतो, म्हणजे लाखो माणसे त्या लेखांच्या हाकेच्या अंतरावर झोपतात. दिवसभर चाललेल्या माणसाला मात्र त्या वेळी दगडावर कोरलेल्या अक्षरांपेक्षा गरम पाण्याचे घमेले जास्त वाचनीय वाटते.

या भागातून रोमानियाकडे जाणारा धागा एकच सापडतो. होळकरांचे मूळ गाव होळ, वर फलटणच्या अंगाला, नीरेच्या काठचे. त्याच नीरेच्या कालव्यावर नातेपुत्याकडचा ऊस पोसतो. त्या घराण्यातल्या इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी कॉन्स्टंटिन ब्रांकूश या रोमानियन शिल्पकाराचे अवकाशातल्या पक्ष्याचे शिल्प संगमरवरात आणि ब्राँझमध्ये विकत घेतले, आणि त्यासाठी एक ध्यानमंदिर बांधायचे म्हणून त्याला इंदूरला बोलावले. 1937-38 च्या हिवाळ्यात तो आला, राहिला आणि मंदिर न बांधताच परत गेला. त्याच 1938 साली त्याने आपल्या देशात, तिर्गू जिऊ गावात, जवळजवळ 30 मीटर उंचीचा ‘अनंत स्तंभ’ उभारला. आज काही सहली तिथे नेतात. मराठी प्रवासी त्याच्यापाशी फोटो काढतो, स्तंभ फोटोत मावत नाही म्हणून चिडतो आणि चिवड्याचा पुडा फोडतो.

सहलीचा परतीचा प्रवास हा विषय माहितीपत्रके टाळतात. ‘गोड आठवणी घेऊन स्वगृही’ असे एका ओळीत उरकतात आणि त्या ओळीत नऊ तासांचे विमानतळ मावतात. पालखीला परतवारी असते. पौर्णिमेचा काला झाला की पादुका त्याच रस्त्याने आळंदीकडे निघतात, पण मुक्काम निम्मे आणि रोजची चाल दुपटीच्या घरात. ज्या रथाभोवती पंधरा दिवसांपूर्वी उभे राहायला जागा नव्हती, त्याच्याबरोबर मोजकेच वारकरी असतात. बाकीचे एसटीने कधीच पेरणीला पोचलेले असतात. वाखरी आणि वेळापूर करून नातेपुत्याला पुन्हा मुक्काम पडतो. या खेपेला बोअरचे पाणी सगळ्यांना पुरते, लाइट मात्र नऊलाच जाते.