तुमचं किती जातं?

कामोठ्यात, मानसरोवर स्टेशनच्या बाजूच्या एखाद्या सोसायटीत लिफ्टमध्ये शिरलात आणि पाठीवर बॅग लावलेल्या गृहस्थानं गंभीरपणे "तुमचं किती जातं?" असं विचारलं, तर दचकू नये. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी भाबडेपणानं "एकशे चाळीस-नव्वद, गोळी चालू आहे" असं सांगितलं. गृहस्थ हबकला. "नव्वद चालतं हो आजोबा, पण एकशे चाळीसला प्रोसेसर बंदच पडतो!"

लॅपटॉपचं तापमान मोजत बसणारी ही जमात २०२० च्या मार्चनंतर बोकाळली. तोवर ऑफिसच्या एसीत सुखानं नांदणारा लॅपटॉप लॉकडाउनमध्ये वन बीएचकेच्या गादीवर येऊन पडला. हवा आत घ्यायची भोकं बहुधा बुडाशी असतात. गादीवर ठेवला की ती बुजलीच. त्यात कामोठं. एकीकडे सायन-पनवेल हायवे, दुसरीकडे कुठलं ना कुठलं बांधकाम. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटानं नाव लिहून घ्या.

गृहस्थाचा राग मात्र धुळीवर नाही, दमटपणावर आहे. "इथली हवाच दमट, म्हणून तापतो." वास्तविक दमट हवेत आपला घाम वाळत नाही, म्हणून आपण हैराण होतो. लॅपटॉपला घाम येत नाही. त्याला खोली किती तापलीय एवढंच कळतं, आणि पंखा कितीही फिरला तरी खोलीपेक्षा गार तो त्याला करू शकत नाही. बऱ्याच कंपन्या खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं म्हणतात. मे महिन्यात गच्चीखालच्या फ्लॅटमध्ये हे कोणाला सांगायचं?

स्क्रीनच्या कोपऱ्यात त्यानं तापमानाचा आकडा आणून ठेवलाय. ६८. ७४. एक्सेल उघडलं, ८५. बायको काही बोलत असेल तर तिला हातानंच थांबवलं जातं. शंभरच्या आसपास बरेचसे प्रोसेसर आपणहून वेग कमी करतात. तशी सोयच केलेली असते. हा मात्र ते "मशीननं मान टाकली" अशा सुरात सांगतो.

पंख्याचा कारभार बहुतेक लॅपटॉपमध्ये मदरबोर्डवरची एक वेगळी चिप पाहते. तो कारभार याला मंजूर नाही. म्हणून त्यानं नोटबुक फॅनकंट्रोल नावाचा प्रोग्रॅम टाकला. त्यात मॉडेलगणिक वेगळी फाइल लागते. याच्या मॉडेलची नव्हती, तेव्हा "एकाच कंपनीचं तर आहे" म्हणत दुसरीच लावली. पंखा आधी गप्प झाला आणि मग असा सुटला, की भर एप्रिलमध्ये पुण्याच्या मॅनेजरनं मीटिंगमध्ये विचारलं, "तुमच्याकडे पाऊस सुरू झाला का?" थिंकपॅडवर लिनक्स चालवणाऱ्या मित्राच्या पंख्याला शून्य ते सात अशा पायऱ्या आहेत, हे कळल्यापासून तर याचं जेवणात लक्ष नाही.

त्याचा एक उपाय मात्र खरा आहे. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली, की बऱ्याच मशीनवर टर्बो बंद होतो. थोडा वेग जातो, पण ताप चांगलाच उतरतो. हे ज्ञान त्यानं सोसायटीभर वाटलंय. खजिनदारांचा टॅली तेव्हापासून रेंगाळतो, पण कारण अजून त्यांच्या कानावर गेलेलं नाही.

बुडाखाली हवा खेळावी म्हणून सध्या पापड भाजायची जाळी लावलेली आहे.

"अहो, जाळी द्या, पाहुणे बसलेत."

"दोन मिनिटं. रेंडर चालू आहे."

पाहुण्यांना पापड तळून मिळाले.

अखेर बायकोनंच लॅपटॉप पिशवीत घालून मार्केटमधल्या दुरुस्तीवाल्या पोराकडे नेला. हा मागोमाग गेला. पोरानं स्क्रू काढले. पंखा आणि तांब्याच्या नळीच्या टोकाच्या पातळ पत्र्यांमध्ये धुळीचा राखाडी थर घट्ट बसला होता. चिमट्यानं तो अख्खा उचलत पोरगा म्हणाला, "साहेब, अर्धं कामोठं आत घेतलंत की!" प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली जुनी पेस्ट त्यानं स्पिरिटनं पुसली, हरभऱ्याच्या डाळीएवढी नवी लावली आणि मशीन चालू केलं. ५८. एक्सेल उघडलं, ६४. व्हिडिओ लावला तरी सत्तरच्या आत.

गृहस्थ कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत राहिला. एवढे प्रोग्रॅम, एवढ्या सेटिंग्ज, आणि काम चिमट्यानं व्हावं! त्याचा पडलेला चेहरा पाहून पोरगा समजुतीनं म्हणाला, "पुढच्या वेळी मॅकबुक एअर घ्या साहेब. २०२० च्या एम-वनपासून त्यात पंखाच नाही."

"पंखाच नाही?" गृहस्थ पुरता गोंधळला. "मग माणसानं दिवसभर करायचं काय?"