डोंगर जरा डावीकडे घ्या

पुण्यातला चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावं लागतात, असा एक जुना समज आहे. प्रत्यक्षात होर्डिंगं लागतात. दर होर्डिंगवर डोंगर, डोंगरापुढे तळं, तळ्यापुढे बाल्कनी आणि बाल्कनीत कॉफीचा मग धरून उभा असलेला एक गृहस्थ. तो कोण, कुठला, पोटापाण्याला काय करतो, कुणाला ठाऊक नाही. पण अख्ख्या मुळशी तालुक्यात इतका निवांत माणूस दुसरा सापडायचा नाही.

त्याला तिथं उभं करणाऱ्याला जाहिरात कंपनीत आर्ट डिरेक्टर म्हणतात. लोकांना वाटतं, हा माणूस चित्र काढतो. छे! मुळशीत त्याचं मुख्य काम पुसण्याचं. ड्रोनने टिपलेला फोटो पडद्यावर उघडायचा आणि एकेक गोष्ट निकालात काढायची. आधी विजेच्या तारा. मग पत्र्याची शेड, पाण्याचा टँकर, गोठा, खडी क्रशरचा धुरळा. शेवटी बांधावर बसून ड्रोनकडे टकामका बघणारा म्हातारा. त्याला पुसायला सगळ्यात कमी वेळ लागतो. तो हरकत घेत नाही.

एवढं झालं की बिल्डर शेठ येतात. "डोंगर जरा डावीकडे घ्या, टॉवरच्या आड येतोय." परशुरामाला समुद्र हटवायला बाण मारावा लागला, इथे सह्याद्री माउसने सरकतो. "लोगो मोठा करा." होतो. "तळ्यात पाणी कमी वाटतंय." फोटो मे महिन्यातला असतो. पाणीही भरलं जातं. पावसाला ज्या कामाला अख्खा हंगाम लागतो, ते काम चहा यायच्या आत उरकतं.

हे तळं म्हणजे टाटांचं मुळशी धरण. त्यातलं पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरतं आणि त्याची वीज होते. या धरणात मुळशी पेट्यातल्या जमिनी जाणार म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापटांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. शंभर वर्षांनंतर त्याच पाण्याचं नाव 'लेक व्ह्यू' झालंय आणि त्यापायी चौरस फुटामागे जादा दर लागतो. काठावरच्या वाड्यांना हा व्ह्यू पिढ्यानपिढ्या फुकट आहे. धरण उशाला, कोरड घशाला. शेठनाही सेनापती बापट माहीत आहेत. त्या नावाच्या रस्त्यावर त्यांचं ऑफिस आहे.

पोर्टफोलिओतला सर्वांत धाडसी नमुना मात्र जाहिरातीच्या तळाशी असतो : नकाशा. त्यात ताम्हिणीचा घाट सरळ होतो, हिंजवडी हाकेच्या अंतरावर येते आणि विमानतळ कुंपणाला टेकतो. अंतर किलोमीटरमध्ये देत नाहीत, मिनिटांत देतात. ती मिनिटं कुणी मोजली, किती वाजता मोजली, हे विचारू नये. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर एक वाजता स्फोटाने पाडला. त्या सुमारास रस्ता मोकळा असतो, एवढं खरं.

या कलेचं तीर्थक्षेत्र म्हणजे दासवे. इटलीतल्या पोर्टोफिनोचं चित्र समोर ठेवून इथेच, मोसे खोऱ्यात, लवासा हे शहर उभं करायला घेतलं. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेली. चित्राला मात्र कुठेही ओरखडा नाही.

मग सरकारने मनावर घेतलं. 'हे चित्र म्हणजे केवळ कलाकाराची कल्पना' हे वाक्य मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापून मोकळं होण्याचे दिवस संपले. रेरा कायद्याने जाहिरातीतल्या खोट्या माहितीची जबाबदारी बिल्डरवर टाकली. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. आर्ट डिरेक्टर मंडळींनी तो तळाच्या कोपऱ्यात, राखाडीवर राखाडी, असा मुरवला की मोबाइलनेही चाचपडावं. तेव्हा २०२५ मध्ये महारेराने थेट लेआउटच लावून दिला : नोंदणी क्रमांक, संकेतस्थळ आणि क्यूआर कोड वरच्या उजव्या भागात हवेत, अक्षर संपर्क क्रमांकाच्या अक्षराएवढं किंवा त्याहून मोठं, नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड. थोडक्यात, राज्यातल्या घरांच्या जाहिरातींचा सर्वांत वजनदार आर्ट डिरेक्टर आज एक सरकारी परिपत्रक आहे. ब्रीफ चोख, सांगणं स्पष्ट आणि 'जरा डावीकडे घ्या' म्हणायची शेठची टाप नाही. होर्डिंगवरचा कोड चालत्या गाडीतून स्कॅन कसा करायचा, अशी शंका काही जण काढतात. त्यांनी भूगावात संध्याकाळची कोंडी पाहिलेली नसावी.

होर्डिंगच्या खाली, त्याच खांबाला, दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतो. त्याचा कलाकार पौडातल्या गाळ्यात बसतो, पदवी नाही की पुरस्कार नाही. पण त्याचा बाणा उलटा : कुणालाही पुसायचं नाही. दादा मध्यभागी, गळ्यात साखळी, डोळ्यांवर गॉगल आणि तळाशी दाटीवाटीने पन्नास शुभेच्छुक. एकाचं जरी डोकं कापलं गेलं, तर गाळ्याची काच राहायची नाही. वरच्या चित्रात जमीन आहे, माणसं नाहीत; खालच्यात माणसं आहेत, जमीन नाही. बापाची जमीन वर चढली आणि पोरगा खाली शुभेच्छुकांत उभा राहिला. यावर प्रवीण तरडेंनी २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' नावाचा अख्खा सिनेमा काढला. लोकांनी तो डोक्यावर घेतला आणि त्यातल्या गॉगलचीच फॅशन उचलली.

अक्षरांचं म्हणाल, तर आपल्याकडे र. कृ. जोशींसारखा माणूस होऊन गेला. उल्का या जाहिरात कंपनीत कलाविभाग सांभाळला आणि पुढे संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट घडवला. आजच्या होर्डिंगवर प्रकल्पाचं नाव स्पॅनिश, मजकूर इंग्रजी. मराठी उरते ती 'येथे कचरा टाकू नये'पुरती.

नाही म्हणायला, बांधावरच्या भिंतीवर एक मराठी जाहिरात अजून टिकून आहे. पांढऱ्या चुन्यावर लाल रंगात : 'सदर जमीन विकणे नाही.' ना डोंगर, ना तळं, ना कॉफीवाला गृहस्थ. मोकळी जागा भरपूर, निरोप एका ओळीत. आणि खाली मालकाचा मोबाइल नंबर. विकायची नाही, तर नंबर कशाला, असं ज्याला वाटेल त्याने जाहिरातीच्या धंद्यात पडू नये.