पिवळी तार

माझी पहिली तक्रार एका पिवळ्या तारेबद्दल आहे.

कार स्टिरिओच्या मागून तारांचा जो जुडगा निघतो त्यात पिवळी तार म्हणजे बॅटरीकडून कायम येणारा पुरवठा, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा आणि काळी म्हणजे अर्थ. बाजारातले बहुतेक स्टिरिओ हा संकेत पाळतात आणि तो समजायला विजेचं शिक्षण लागत नाही. आमची 2011ची हॅचबॅक मी जुनी घेतली. आधीच्या मालकाने त्यात कुणाकडून तरी स्टिरिओ बसवून घेतला होता. बसवणाऱ्याने पिवळी आणि लाल एकत्र पिळल्या, दोन्ही चावीच्या पुरवठ्यावर टाकल्या, वर काळी टेप गुंडाळली आणि डॅशबोर्ड लावून टाकला. गाणी वाजली, त्याचे पैसे त्याला मिळाले. मात्र चावी काढली की तो स्टिरिओ रेडिओची स्टेशनं विसरायचा आणि घड्याळ पुन्हा बारावर जायचं. मालकाने ते कित्येक वर्षं सोसलं असणार. बसवणाऱ्याची दोन मिनिटं वाचली आणि माझे तीन रविवार गेले.

रविवार कशात गेले ते सांगायला हवं. मला गाडीत संगणक बसवायचा होता, आणि त्याचं कारण मराठी आहे.

आईसाठी मी चारेकशे गाणी आणि अभंग गोळा केले आहेत. प्रत्येक फाइलवर गाण्याचं आणि गाणाऱ्याचं नाव देवनागरीत स्वतः टाइप केलं आहे. गाडीतल्या स्टिरिओवर ती नावं म्हणजे रिकाम्या चौकोनांची रांग. आई मागच्या सीटवरून विचारते, "अरे, हे कोण गातंय?" आणि पडद्यावर सात चौकोन असतात. मग मी नवा स्टिरिओ घेतला. त्यात अक्षरं आली, पण विलांटी आपल्या अक्षराला सोडून पुढे जाऊन बसली, जोडाक्षरं फुटली, ‘ज्ञानेश्वर’मधल्या ‘ज्ञ’चे हलन्त लावून दोन तुकडे झाले. ही तांत्रिक अडचण असती तर मी गप्प बसलो असतो. युनिकोडमध्ये देवनागरी 1991पासून आहे. मराठीला लागणारा ‘ॲ’सुद्धा 2008मध्ये आला. अक्षरं नीट जुळवून दाखवणारं हार्फबझ हे सॉफ्टवेअर कुणालाही फुकट वापरता येतं. म्हणजे ज्यांनी हा स्टिरिओ केला त्यांच्यापैकी एकानेही पडद्यावर एक मराठी शब्द उमटवून पाहिला नव्हता. आठ कोटींहून जास्त लोकांची मातृभाषा आहे ही. माझी ही तक्रार किरकोळ आहे असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. मला ती किरकोळ वाटत नाही.

रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक लिनक्सवर चालतो आणि मराठी अचूक दाखवतो. जून 2019मध्ये आलेला त्याचा चौथा नमुना मी पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणला. गाडीत संगणक ही कल्पना काही नवी नाही. क्लॅरियनने विंडोज सीईवर चालणारा ऑटोपीसी 1998मध्ये विकायला आणला होता. पुढे 17 सेंटिमीटर लांबी-रुंदीचे मिनी-आयटीएक्स बोर्ड आले, तेव्हा अमेरिकेत आणि युरोपात हौशी लोकांनी ते डिकीत नाहीतर सीटखाली बसवले आणि पडदा पुढे आणला. त्यांच्यासाठी खास गाडीच्या विजेवर चालणारे पॉवर सप्लायही निघाले. म्हणजे पाव शतकाहून जास्त काळ लोक हे काम करत आहेत. एवढ्या काळात तारांवर नावं लिहायला हरकत नव्हती.

आता पिवळ्या तारेकडे परत येतो. सेल मारताना स्टार्टरला सगळी ताकद मिळावी म्हणून इग्निशनचं कुलूप तेवढ्यापुरता स्टिरिओचा, म्हणजे लाल तारेचा पुरवठा तोडतं. स्टिरिओला त्याचं काही वाटत नाही, तो क्षणभर गप्प होतो आणि परत बोलू लागतो. संगणकाचं तसं नसतं. चावी फिरली की तो उठायला लागतो, मेमरी कार्डावर लिहायला सुरुवात करतो आणि तेवढ्यात सेल लागतो. अर्ध्या लिहिण्यात वीज गेली की कार्डावरची व्यवस्था बिघडते. माझं कार्ड तीनदा बिघडलं. पहिल्यांदा मी कार्डाला दोष दिला, दुसऱ्यांदा स्वस्त कार्ड घेतल्याबद्दल स्वतःला, तिसऱ्यांदा मल्टिमीटर घेऊन डॅशबोर्ड उघडला. संगणकाच्या पिवळ्या तारेवर चावी बंद असताना शून्य व्होल्ट होते. मी स्टिरिओच्या जुन्या जुडग्यावर विसंबून त्याच रंगाला जोडणी केली होती. उन्हाने टेपचा डिंक पाघळलेला, तो बोटांना चिकटला. रॉकेलने पुसावा लागला.

पिवळी तार खरी पिवळी केल्यावर पुढची अडचण उभी राहिली, पण ती निदान प्रामाणिक होती. कायमच्या पुरवठ्यावर संगणक नुसता जागा ठेवला तरी बॅटरीतून सुमारे 0.3 अँपिअर ओढतो. दिवसाला सात अँपिअर-तास झाले. आमच्या गाडीची बॅटरी 35ची आहे. चार दिवस गावाला गेलो आणि आलो तर गाडी सुरू होणार नाही. म्हणून पिवळी तार खाऊ घालते आणि लाल तार फक्त सांगते, अशी रचना करावी लागते: लाल गेली की संगणकाने आवराआवर करायची, मिनिटभराने रिलेने पिवळीसुद्धा तोडायची. हे करणारा छोटा बोर्ड तयार मिळतो. तो ज्या पाकिटात आला त्यात एका ओळीचा कागदही नव्हता. सहा स्क्रू-कनेक्टर आणि त्यांच्यावर चार अक्षरं. कोणत्या टोकाला काय लावायचं ते मी एकेक टोक मोजून ठरवलं आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलं. हे काम बनवणाऱ्याचं होतं.

विजेच्या आकड्यांबद्दल मला खरोखर राग आहे. या संगणकाला 5.1 व्होल्टवर 3 अँपिअर देणारा पुरवठा लागतो. गाडीची बॅटरी शांत असताना 12.6 व्होल्ट असते, इंजिन चालू असताना 14च्या आसपास जाते, सेल मारताना काही क्षण 9वर किंवा त्याखाली येते. त्यातून स्थिर 5 काढणारा कन्व्हर्टर लागतो. मी ‘5 अँपिअर’ लिहिलेला घेतला. दोन अँपिअर ओढल्यावर पाच मिनिटांत त्याला हात लावता येईना. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, ते पीक असतं." मग ते तसं लिहा. मिठाईवाला पाव किलोच्या खोक्यावर अर्धा किलो लिहीत नाही, लिहिलं तर वैधमापनवाले येतात. अँपिअर मोजायला कुणी येत नाही.

केबलची गोष्ट त्याहून वाईट. बाहेरून करंगळीएवढी जाड, वर कापडी वेष्टण, आणि आत 0.32 मिलिमीटरची तांब्याची तार. अशा तारेचा रोध मीटरला सुमारे 0.21 ओहम, म्हणजे एक मीटर केबलमध्ये वीज जाऊन परत येईपर्यंत 0.42. त्यातून 2 अँपिअर गेले की 0.84 व्होल्ट वाटेतच संपतात. कन्व्हर्टरने 5.1 दिले तरी संगणकाच्या तोंडाशी 4.26 पोचतात. 4.63च्या खाली गेलं की हा संगणक पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज दाखवतो आणि वेग कमी करतो. तो बिचारा खरं सांगत होता. मी महिनाभर त्यालाच दोष देत होतो. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून 1 चौरस मिलिमीटरची घरगुती वायर आणली, केबलचं टोक कापून त्याला झाळली आणि पडद्याच्या कोपऱ्यातली ती वीज गेली. घरगुती वायरीवर तिची जाडी छापलेली असते, बरं का. प्रत्येक मीटरवर.

पडद्याचं सांगतो. डॅशबोर्डमधली मोठी खिडकी डबल डिन नावाच्या मापाची असते, 180 बाय 100 मिलिमीटर. मी घेतलेल्या 7 इंची टच पडद्याची चौकट 194 बाय 110 आहे. चित्र दिसतं तो भाग फक्त 155 बाय 86, म्हणजे चित्र खिडकीत आरामात मावतं, चौकट मावत नाही. चौदा मिलिमीटर. शिवाय वरखाली दहा. गाडीची खिडकी कोणी मोठी करणार नाही आणि पडदा कापता येत नाही, काच आहे. तो पडदा गाडीसाठी केलेलाच नव्हता, त्यामुळे त्याला बोल लावत नाही. पण ‘कारसाठी उत्तम’ असं सांगून तो मला विकणाऱ्याने हातात पट्टी घेतली असती तर बरं झालं असतं. शनिवार पेठेत दारावरच्या पाट्या करून देणारे एक काका आहेत. त्यांनी 3 मिलिमीटरच्या काळ्या ॲक्रिलिकची चौकट कापून दिली, पडदा डॅशबोर्डच्या बाहेर अंगुळभर पुढे बसला. काकांनी आधी माप दोनदा घेतलं, मग विचारलं, "खाली एसीचं बटण झाकलं जाणार नाही ना?" एवढ्या सगळ्या व्यवहारात हा प्रश्न विचारणारे ते एकटेच. झाकलं जात होतं. चौकट चार मिलिमीटर वर सरकवली.

घड्याळाचं थोडक्यात. या संगणकाला स्वतःचं घड्याळ नाही, इंटरनेटवरून तो वेळ घेतो आणि गाडीत इंटरनेट नसतं. त्यासाठी डीएस 3231 ही चिप असलेला छोटा बोर्ड मिळतो. चिप फार चांगली आहे. बोर्डावर सेल चार्ज करणारी जोडणी केलेली असते आणि दुकानदार सोबत चार्ज न होणारा साधा सेल देतो. 5 व्होल्टवर जोडलं तर तो फुगू शकतो, 3.3वर जोडलं तर धोका नाही. हे पाकिटावर लिहायला किती शाई लागते?

आवाज आला तेव्हा वाटलं की संपलं. इंजिन बंद असताना सगळं स्वच्छ. इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून बारीक ‘कुंई’, आणि ॲक्सिलरेटर दाबावा तसा तिचा सूर चढतो. तानपुरा लागलेला असतो आणि त्याच्यावर आल्टरनेटर गात असतो. संगणकाला कन्व्हर्टरकडून एक अर्थ आणि आवाजाच्या केबलमधून ॲम्प्लिफायरचा दुसरा अर्थ मिळाला की या दोन वाटांमध्ये आल्टरनेटरची कुरकुर शिरते. एका दुकानात विचारलं. "जुन्या गाडीत थोडा आवाज येणारच, काका. गाणं मोठं लावा." दुसऱ्याने मध्ये बसवायचा आयसोलेटर दिला. त्याने कुंई गेली आणि तबल्याचा बायाही गेला. दोन्ही काळ्या तारा एकाच बोल्टवर, रंग खरवडून बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावल्यावर आवाज थांबला. खर्च शून्य. ‘येणारच’ म्हणणाऱ्या माणसाला आजवर एकदा तरी पत्रा खरवडावासा वाटायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

मे महिन्यात डबल टेपने लावलेला जीपीएसचा अँटेना घसरून वायपरच्या बाजूला लोंबू लागला. तो स्क्रूने बसवला, विषय मिटला.

आणि आता जी गोष्ट मी सगळ्यात शेवटी पाहिली पण आधी पाहायला हवी होती. पिवळी तार बॅटरीपर्यंत नेताना मी बॉनेट उघडून फ्यूजच्या डबीचं झाकण काढलं. स्टिरिओच्या 15 अँपिअरच्या फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे पाच-सहा पीळ घातलेले होते. कधीतरी फ्यूज उडाला असेल, नवा हाताशी नसेल, कुणीतरी ‘तात्पुरतं’ म्हणून तार घातली असेल आणि गाडी विकली गेली. गाडीची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर देऊ शकते. फ्यूज नसेल तर तेवढे सगळे स्टिरिओच्या बारीक तारेतून जातात, तिचं प्लास्टिक पेटतं, आणि ती तार डॅशबोर्डच्या मागे, कापसाच्या आणि फोमच्या शेजारून जाते. आई या गाडीत दोन वर्षं बसत होती.

मी बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर 5 अँपिअरचा फ्यूज लावला आहे आणि डबीत खरा 15चा घातला आहे. एका फ्यूजला चहाच्या कपाएवढे पैसे पडले. तुम्ही जुनी गाडी घेतली असेल, तीत आधीच्या कुणी काही बसवलं असेल, तर आज संध्याकाळी फ्यूजच्या डबीचं झाकण उघडून बघा. तार दिसली तर ती काढल्याशिवाय चावी फिरवू नका.