झीरोचा दिवा

आमची ठकी १६ वर्षांची झाली. मांजराचं वय माणसाच्या वयात बसवायचं एक ढोबळ गणित आहे: पहिल्या दोन वर्षांची २४, मग दर वर्षाची चार. त्या हिशेबानं ठकी ८० वर्षांची, म्हणजे सहस्रचंद्रदर्शनाच्या उंबरठ्यावर. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला दोनशेच्या आतबाहेरच पौर्णिमा आल्या असतील, आणि त्यातल्या निम्म्या तिनं कपाटावर झोपून काढल्या. ते कपाट आता म्हातारीच्या माहेरासारखं झालंय. दिसतं, पण जाणं होत नाही. बारा वर्षांपुढच्या बहुतेक मांजरांचे सांधे एक्स-रेत झिजलेले दिसतात, असं डॉक्टर म्हणाले. ठकीनं कधी कुरकुर केली नाही. एके दिवशी उडीसाठी मागचे पाय आवळले, वर पाहिलं, आणि वर आपलं काही कामच नव्हतं अशा चेहऱ्यानं पंजा चाटत बसली. तो चेहरा माझ्या ओळखीचा आहे. सुटलेल्या बसमागे धावायचा बेत रद्द करताना मी तोच लावतो.

‘मांजराच्या पावलांनी’ हा शब्दप्रयोगही तिच्यापुरता बाद झालाय. म्हातारपणी मांजराची नखं जाड होतात, पूर्वीसारखी आत जात नाहीत. ती चालू लागली की फरशीवर टिकटिक ऐकू येते. कोणीतरी जुन्या टाइपरायटरवर, विचार करकरून, राजीनामा लिहीत असावं तशी. आडवी जाते तीसुद्धा इतक्या सवडीनं, की अपशकुन पुरा होईस्तोवर माणूस काम आटोपून परत येईल.

आणि रात्र! तरुणपणी आमचं अस्तित्व ठकीला ताटलीपुरतंच मान्य होतं. मांडीवर घेतलं, तर शेजारणीकडे राहिलेलं भांडं परत न्यावं तशी ती स्वतःला सोडवून न्यायची. आता पहाटे तीनला पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून लांबलचक, खर्जातली हाक घालते. थायरॉइड, रक्तदाब, मूत्रपिंडं, सगळं तपासून झालं. वयानं विसर माणसांसारखा मांजरांनाही पडतो. त्यात कान गेलेले, त्यामुळे आपला आवाज केवढा हे तिचं तिला कळत नाही. बायको कूस बदलत म्हणते, “उठा, आजेसासूबाई हाका मारतायत.”

ती थट्टेनं म्हणते, पण माझी आजी शेवटी शेवटी वाईच्या घरात रात्री अशीच विचारायची, “कोण आहे रे तिकडे?” तिकडे कोणीच नसायचं. मी माजघरातून ओ द्यायचो, “मीच आहे, झोप.” मीच म्हणजे कोण, हे तिनं कधी विचारलं नाही. तेवढ्यावर तिचं भागायचं. आई मग कंदिलाची वात बारीक करून उंबऱ्याशी ठेवायची.

ठकीला ओ ऐकू येत नाही, त्यामुळे उठून जावं लागतं. तिला पाणी आणि वाळूचा ट्रे सापडावा म्हणून पॅसेजमध्ये झीरोचा दिवा लावलाय. मागून हात लावला तर दचकते, म्हणून आधी समोर जाऊन बसायचं. बसताना माझा गुडघा कटकन वाजतो. ती डोळे बारीक करून मला निरखते. ओळख पटते की नुसतीच चालवून घेते, देव जाणे. पण जन्मभर नाकारलेल्या त्या मांडीवर टिकटिकत चढते, दोनदा गोल फिरते आणि झोपते. उठायची सोय उरत नाही.

आतून आवाज येतो, “झोपल्या का?”

“हो,” मी कुजबुजतो. ठकीला ऐकू येत नाही, तरीही.