लोण्याचा द्राविडी प्राणायाम

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या वैरागात लोणी लावण्याची परंपरा जुनी आहे. साहेबाला लावतात, सासऱ्याला लावतात, निवडणूक जवळ आली की मतदारालाही लावतात. भाकरीला तर रोजच लागतं. कॉफीला मात्र आजवर कुणी लावलेलं नव्हतं. ती कामगिरी माझ्या हातून झाली.

त्याचं असं झालं की, पुण्यात आयटीत असलेला पुतण्या संक्रांतीला घरी आला, तो निम्मा होऊनच. आईनं आधी त्याची दृष्ट काढली आणि मग विचारलं, "मेसवाल्यानं डबा बंद केलाय काय रं?"

"नाही गं आज्जी. मी सकाळी जेवतच नाही. बुलेटप्रूफ कॉफी पितो."

आमच्या गल्लीत बुलेट म्हणजे बार्शी रोडनं धडधडत जाते ती. ती चालवणाऱ्यांनी प्यायची ही कॉफी असावी, अशी सगळ्यांची समजूत झाली. पुतण्यानं मग कृती सांगितली. बिनदुधाची, बिनसाखरेची काळी कॉफी घ्यायची. त्यात दोन मोठे चमचे बिनमिठाचं लोणी आणि चमचाभर एमसीटी तेल, म्हणजे खोबरेल तेलातून वेगळा काढलेला भाग. सगळं मिक्सरमधून फिरवायचं आणि प्यायचं. दुपारपर्यंत भुकेचं नाव नाही.

"काका, तुम्ही करून बघाच," तो माझ्या डोळ्यांकडं न बघता पोटाकडं बघत म्हणाला. माझं वजन तेव्हा ८९ किलो होतं.

या कॉफीचा जनक डेव्ह अ‍ॅस्प्रे नावाचा अमेरिकन. २००४ साली तो तिबेटात गेला होता. तिथल्या गारठ्यात त्याला याकच्या लोण्याचा खारा चहा मिळाला आणि अंगात तरतरी आली. घरी परतल्यावर त्यानं चहाच्या जागी कॉफी घातली आणि जगभर धंदा उभा केला. लडाखातही असा चहा करतात. लाकडी नळकांड्यात घुसळताना होणाऱ्या आवाजावरून त्याला गुरगुर चहा म्हणतात. तिथं थंडीनं माणूस गोठायची वेळ येते, तेव्हा पोटात लोणी घालणं शहाणपणाचंच. आमच्याकडं उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि फळीवरचं लोणी आपणहून तूप व्हायच्या बेतात असतं, एवढाच काय तो फरक.

लोणी गवतावर पोसलेल्या गाईचं पाहिजे, अशी पुतण्याची अट होती. आमच्याकडं आहे पंढरपुरी म्हैस. शिंगं तलवारीसारखी मागं खांद्यापर्यंत गेलेली, त्यामुळं गोठ्यात शिरताना मान तिरकी करून शिरते. सकाळी मालदांडीचा कडबा, दुपारी उसाचं वाढं आणि संध्याकाळी सरकी पेंड, असा तिचा खुराक. मी कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "ज्वारी आणि ऊस दोन्ही गवताच्याच कुळातली." म्हणजे अमेरिकेची अट आमच्या म्हशीनं जन्मापासून पाळलेली! पेंडीचा विषय मी काढला नाही. फोटो बघून पुतण्यानं फोनवर शंका काढली, "काका, हे पांढरं कसं? पिवळं पाहिजे." चाऱ्यातला पिवळा रंग गाईच्या लोण्यात उतरतो, म्हैस त्याचं जीवनसत्त्व करून टाकते आणि लोणी पांढरंशुभ्र देते. मी त्याला म्हणालो, "आमची म्हैस बेहिशेबी रंग ठेवत नाही."

खरी अडचण घरातच होती. आई पहाटे पाचला रवी घेऊन बसते. उन्हाळ्यात लोणी लवकर धरत नाही, मग गार पाण्याचा हबका मारून मारून ते गोळा करावं लागतं. ताकाला गेलेल्यानं भांडं लपवू नये, म्हणून मी सरळच मागितलं. बेत ऐकून तिनं रवी थांबवली.

"आरं, दूध तापवायचं, साय धरायची, इरजण लावायचं, तासभर घुसळायचं, तवा कुठं त्या पाण्यातनं एवढंसं लोणी वर येतंय. अन् तू ते पुन्हा पाण्यात घालाय निघालास?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अ‍ॅस्प्रेकडंही नसावं.

तेलाचीही तीच गत. वैरागात स्वयंपाक शेंगतेलात किंवा करडईत. खोबरेल मिळतं, पण त्याची जागा आरशाशेजारी, कंगव्याजवळ. एमसीटी म्हणताच दुकानदारानं आधी मोटारीच्या इंजिनाची चौकशी केली. शेवटी तेल वगळलं. कॉफीही दोन रुपयांच्या पुडीतली, दुकानाच्या दाराला शांपूच्या माळेशेजारी लटकणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला प्रयोग सुरू झाला. उकळती कॉफी मिक्सरच्या भांड्यात ओतली, वर लोण्याचा गोळा सोडला, झाकण लावलं आणि बटण फिरवलं. गरम पातळ पदार्थ बंद भांड्यात फिरवला की वाफ झाकण उडवते, हे मला त्याच क्षणी कळलं. अर्धी कॉफी भिंतीवरच्या कालनिर्णयवर गेली. संकष्टी कधी आहे, हे पुढं महिनाभर शेजारी जाऊन विचारावं लागलं.

उरलेली कपात घेतली. रंग पहिल्या पावसातल्या भोगावतीच्या पाण्यासारखा, वर साबणासारखा फेस आणि त्या फेसाच्या कडेनं एक बारीक लालसर तवंग. लोण्याला लाल तवंग कसा, हा विचार करतच घोट घेतला. आधी लोणी लागलं, मग कॉफी, आणि मग घशात लसूण पेटला. त्याच भांड्यात आदल्या रात्री शेंगाचटणी वाटली होती. मी ते विसळलं होतं, घासलं नव्हतं. सोलापुरी शेंगाचटणी विसळण्यानं जात नसते.

एक मान्य करायला हवं. अकरापर्यंत मला भूक लागली नाही. पण आमच्या घरात नऊ वाजता परातीत भाकरी थापल्याचा आवाज सुरू होतो आणि भूक नाही म्हणून त्या आवाजाला नाही म्हणणं अन्नाचा अपमान केल्यासारखं वाटतं. म्हणून मी रोज कॉफी झाल्यावर दोन भाकरी खात होतो. भूक नसताना, निव्वळ सद्भावनेनं. एका मोठ्या चमच्यात १४ ग्रॅम लोणी मावतं आणि त्यात १०० कॅलरी असतात. असे दोन चमचे मी रोज वरकड घेत होतो. महिन्यानं काटा ९१ वर गेला.

पुतण्याला फोन केला. "काका, ती नाश्त्याऐवजी घ्यायची असते!"

"हे आधी सांगायचंस."

"मी सकाळी जेवत नाही, असंच तर म्हणालो होतो."

कॉफी आणि लोणी यांची गाठ आपल्याकडं पूर्वी पडलीच नव्हती असं नाही. मुंबईत पेस्तनजी एडुलजी दलाल या पारशी गृहस्थानं १८८८ साली कॉफी दळून विकायचा धंदा सुरू केला. त्याचं टोपणनाव पॉली, म्हणून मालाचं नाव पॉलसन. आधी चिकोरी मिसळलेली कॉफी चालली, नंतर लोणी. १९३० साली आणंदला डेअरीही झाली. पुढं दुधाच्या भावावरून शेतकरी बिथरले आणि १९४६ साली अमूलचा जन्म झाला. पण मुंबईत साहेबाला खूश करण्याला पॉलसन लावणं म्हणायची रीत पडली, ती लोण्यावरून. एकाच नावाची कॉफी आणि लोणी शेजारीशेजारी विकत घेऊनही मुंबईकर कॉफी कपात घालत आणि लोणी पावाला किंवा साहेबाला लावत.

आमच्या जिल्ह्यात पहाटेचं लोणी मुळात पंढरपूरच्या विठोबाचं. काकड आरतीला त्याला लोणी-साखरेचा नैवेद्य असतो. कॉफीची मागणी त्यानं अजून केलेली नाही.

परवा आईनं माझ्यासमोर कॉफी ठेवली. निव्वळ दुधाची, वर जायफळ उगाळलेलं. मी हिशेब मांडला. म्हशीच्या दुधात शंभराला सात तरी स्निग्धांश असतो. म्हणजे त्या दीडशे मिलीच्या कपात मोठा चमचाभर लोणी जवळजवळ आधीपासूनच होतं. म्हशीनं ते मिक्सरशिवाय इतकं छान मिसळलेलं की, तवंगसुद्धा नाही. दुधातून लोणी काढायचं, दूध बाजूला सारायचं आणि तेच लोणी कॉफीत घालायचं, याला मराठीत द्राविडी प्राणायाम म्हणतात. अमेरिकेत बुलेटप्रूफ म्हणतात.

आता लोणी भाकरीवर परत गेलंय आणि वजन ८९ वर परत आलंय. तुम्हाला तरीही करून बघायचीच असेल, तर खुशाल करा. फक्त मिक्सरचं भांडं आधी घासून घ्या.