इंजिनेर काकाजी

चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटला तोटा नाही. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर, जिकडं पाहावं तिकडं कारखान्यांची धुराडी. पण तेच सिमेंट धुऱ्यावरच्या कुंपणाच्या खड्ड्यात किती घालायचं, हे कोणताच कारखाना सांगत नाही. त्यासाठी सिंदेवाही-मूलकडच्या गावांत इंजिनेर काकाजी असतात.

काकाजी इंजिनेर नसतात. तरुणपणी गोसीखुर्दच्या कालव्यावर ठेकेदाराकडं मुकादमी केलेली असते, एवढंच. त्या धरणाची पायाभरणी 1988ची आणि कालव्यांची कामं त्यानंतर पिढीभर चाललेली, त्यामुळं घाई हा विषय त्यांच्या अभ्यासक्रमात आलाच नाही. खिशात टेप, कानावर पेन्सिल, गालात खर्रा.

रानडुकरांनी धान लोळवला, रोह्यांनी तूर खुडली, पंचनामे करून चपला झिजल्या, की शेतकरी तारेच्या कुंपणावर येतो आणि टपरीवर काकाजींना गाठतो.

‘‘काकाजी, एकराले किती पोते लागतीन जी?’’

‘‘पहिले सांग, खड्डा गोल खंदतेस का चौकोनी?’’

इथंच गडी गारद. कुंपणाला गेलेल्या माणसानं भूमितीला कशाला उत्तर द्यावं? पण काकाजींचा मुद्दा बिनतोड असतो. फूटभर रुंद, दोन फूट खोल गोल खड्ड्यात दीड घनफुटाहून थोडा जास्त माल बसतो. चौकोनी खड्ड्यात पुरता दोन. चार इंची खांब आत उभा राहतो, त्याची जागा वजा. सिमेंट-रेती-गिट्टीचं प्रमाण एकास दोन चार धरलं, तर गोल खड्ड्याला पोत्यात चार खांब, चौकोनीला जेमतेम तीन. ‘‘आन् सब्बलीनं गोल खड्डा खंदणारा माणूस मी अजून पाहिला नाही,’’ असं म्हणून ते खर्रा थुंकतात.

मग पेन्सिल कानावरून उतरते. खर्ऱ्याची पन्नी बाजूला सारून वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकडे पडू लागतात. चौरस एकराचा घेर 835 फूट, दहा फुटांवर खांब, म्हणजे 84 खांब, म्हणजे गोल खड्डे धरून 21 पोती. शेजारचा लगेच हिशेब करतो, आपलं चार एकर, म्हणजे 84 पोती! काकाजी या चुकीची वाटच पाहत असतात. चौरस चार एकराचा घेर चौपट नाही, दुप्पट होतो, पोती 42. टपरीत शांतता पसरते. काकाजी अर्धा चहा पितात.

पण चौरस एकर आहे कोणाचा? भावकीच्या वाटणीत प्रत्येकाला रस्ताही हवा आणि नालाही, म्हणून रानाच्या उभ्या पट्ट्या पडलेल्या. 40 फूट रुंद एकराची लांबी 1089 फूट. त्याचा घेर काढून काकाजी फक्त ‘‘226 खांब’’ म्हणतात आणि भावाभावांकडं आळीपाळीनं पाहतात. कोर्टातल्या वकिलालाही वाटणीची किंमत इतकी स्वच्छ मांडता आली नसती.

घमेल्यावरून वाद होतो तो वेगळाच. रेती काठोकाठ की शिगोशीग, यावर मजूर आणि मालक यांची मतं जन्मात जुळत नाहीत. वरोऱ्याकडच्या पाहुण्याला काकाजी आणखी अर्धा फूट खोल जायला लावतात, कारण तिकडची काळी माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते आणि खांबाला सरळ उभं राहू देत नाही. बरोबरच आहे ते. काकाजींचं बहुतेक बरोबरच असतं, म्हणून तर लोक चिडतात.

झटका मशीनवर मात्र त्यांचा राग आहे. जन-वन योजनेत सौर कुंपणाला अनुदान मिळू लागलं आणि हलक्या खुंट्यांवर तार ओढून लोक मोकळे होऊ लागले. ‘‘त्याच्यात सिमेंटच नाही, मंग त्याले कुंपण कायले म्हणता?’’ चोरून विजेची उघडी तार सोडणाऱ्याला मात्र ते दारात उभं करत नाहीत. त्या तारेत डुकराऐवजी शेजारी सापडतो, नाहीतर वाघ. आणि मग जी गाडी गावात येते, तिला पोत्यांचा हिशेब नको असतो.

एकदाच त्यांची पेन्सिल अडली. 2021 साली ओडिशाकडून छत्तीसगडमार्गे हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, तेव्हा आरमोरीकडच्या एका जावयानं विचारलं, ‘‘हत्तीसाठी खड्डा किती खोल?’’ काकाजी कागदाकडं पाहत राहिले. शेवटी म्हणाले, ‘‘हत्तीले कवाड ठेव. खांब तरी वाचतीन.’’

एवढं होऊन दुकानदार 21च्या जागी 31 पोती पाठवतोच. खांब उभे राहतात, पोती उरतात, पावसाळा तोंडावर येतो आणि सिमेंट दगड होण्याआधी टपरीसमोर ओटा होतो. सहा बाय चार, जाडी चार इंच. काकाजी त्यावर बसून पहिल्याच दिवशी सांगतात, ‘‘ह्याच्यात आठ घनफूट माल गेला. दीड पोतं. बाकीचे साडेआठ कोनाच्या न्हाणीत गेले, ते मले मालूम आहे.’’