घाणेरीला सोन्याचे दिवस

अहो, ऐकलंत का? अमेरिकेत फीनिक्सकडे राहणारी आपली मंडळी म्हणे नर्सरीत जाऊन, खणखणीत डॉलर मोजून, घाणेरी विकत आणतात! हो, तीच ती. टणटणी. गुरंसुद्धा जिला सहसा तोंड लावत नाहीत, ती. इकडे वनखातं तिला मुळासकट उपटायला मजूर लावतं आणि तिकडे फीनिक्सच्या चँडलर उपनगरात बंगल्यांपुढे बाईसाहेबांना ठिबक सिंचन!

त्यातही निवड असते बरं का. पिवळीधमक ‘न्यू गोल्ड’ हवी की जमिनीलगत पसरणारी जांभळी? उंची फूट-दीड फूट, पसारा मात्र चार-सहा फुटांचा. लेकीकडे गेलेल्या एका आजींनी म्हणे पहाटे उठून पुढच्या अंगणातलं ‘रान’ साफ केलं. जावयाच्या तोंडून शब्द फुटेना!

आता त्यांचीही बाजू ऐका. वर्षाला जेमतेम सात-आठ इंच पाऊस. तिथे हिरवळ पोसायची म्हणजे पाण्याच्या बिलानेच घाम फुटायचा. 2023च्या उन्हाळ्यात सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर जात होता. जन्मभर वाळवंटात काढलेले सग्वारो निवडुंगदेखील कोसळले. आणि ही बया? फुलं मिरवत बसली होती.

लाड मात्र सोसत नाहीत हं तिला. नवखे मालक रोज पाणी घालतात आणि मग पानं पिवळी पडली म्हणून गळा काढतात. तिथली माती मुळात चुनखडीची. खाली ‘कलीची’ नावाचा दगडासारखा थर, पहारीशिवाय फुटत नाही. वर पाणी तुंबलं की मुळांना लोह मिळेनासं होतं. पहिला उन्हाळा जपायचं, पुढे पाणी खोलवर पण अंतराने द्यायचं, एवढंच तिचं मागणं.

खरी गंमत जानेवारीत. दहिवराची रात्र आली की गल्लीभर झुडपांवर चादरी! फुलाफुलांच्या, चट्ट्यापट्ट्यांच्या, पोरांच्या सुपरमॅनच्यासुद्धा. ज्यांचं पांघरूण हुकतं त्यांची पानं सकाळी काळीठिक्कर. जाणकार घाबरत नाहीत; थंडीची भीती सरली की मार्चच्या सुमारास वीतभर ठेवून छाटतात, उन्हाळ्यापर्यंत पुन्हा गालिचा.

नाकं मुरडण्याआधी आपलं घर बघू या. दक्षिण अमेरिकेतली ही पाहुणी इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे आणली ती शोभेसाठीच. पाऊस मुबलक, पाखरं फळं खाऊन बी गावभर टाकणार. मग काय विचारता! देशातल्या वाघांच्या रानाचा सुमारे 40 टक्के भाग तिने व्यापल्याचं 2020 मधल्या अभ्यासात निघालं. फीनिक्समध्ये मात्र ठिबकच्या नळीपलीकडे ओलावा नाही, थंडी दरसाल शेंडे मारते आणि ‘न्यू गोल्ड’ला फळं जवळजवळ धरतच नाहीत. म्हणून तिथे ती शहाण्या सुनेसारखी नांदते. गुण तिचा थोडा, वाळवंटाच्या धाकाचा जास्त.

तेव्हा लावू देत त्यांना, आपण कशाला जळायचं? फक्त सुट्टीवर येताना कौतुकाने एखादं रोप घेऊन येऊ नका म्हणावं. इथे तिला थंडी मारत नाही, आणि वनखातं आधीच मेटाकुटीला आलंय.